अहेव गेली म्हणून भाग्यवान, एवढंच?

पश्चिम_भागातली

गेल्या वर्षी फाल्गुनात आई गेली. यंदा वर्षश्राद्धही झालं. या काळात घरी आलेल्या बहुतेक बायकांनी मला एकच ऐकवलं, ‘नशीब काढलं गे तुझ्या आईनं, अहेव गेली.’ म्हणजे नवऱ्याच्या आधी. नेताना हिरवी साडी, मळवट, खणानारळाची ओटी, सगळं रीतीने झालं. गावातल्या काहीजणींनी तिच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन स्वतःला लावलं. पेपरात निधनवार्ता आली ती नेहमीसारखी : पश्चात पती, दोन मुलगे, मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार, रक्षाविसर्जन सोमवारी सकाळी.

बाबा ऐंशीच्या आसपास, फौजी माणूस, अजून पहाटे उठून गावाबाहेर फेरी मारून येतात. म्हणजे आईचं मोठेपण कशात, तर बाबा ठणठणीत आहेत यात! त्यात तिच्या भाकरीचा हात असेलच, पण तिच्या सत्तर-बहात्तर वर्षांचा हिशेब एवढ्यावर मिटवायला माझं मन घेत नाही.

तिचं माहेर चंदगड तालुक्यात. ती जन्मली तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड तेवढं मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं गेलं. त्यामुळे 1969 साली लग्न होऊन ती आमच्या गावी आली तेव्हा अंतर बैलगाडीचं, पण राज्य दुसरं. वेंगुर्ला रस्त्याला बाची संपली की शिनोळी, तेवढीच ती हद्द. माहेरचं रेशनकार्ड मराठीत, सासरचं कन्नडात.

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत. रेजिमेंटचं सेंटरच बेळगावात असल्याने आमच्या भागात गल्लीला एखादा तरी फौजी निघतोच. निवृत्त होईपर्यंत ते वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. उरलेलं वर्ष आई, तिचे सासू-सासरे, धाकटा दीर, आम्ही भावंडं, म्हशी आणि भाताची जमीन.

आता म्हाळ जवळ आलेत. अहेव नवमीला दादा एक पत्रक छापून नातेवाइकांत वाटणार आहे, मला म्हणतो, चार ओळी तू लिही. ‘प्रेमळ, कष्टाळू, पतिपरायण’ हे छापखान्यात तयारच असतं, त्यासाठी मी कशाला? त्यापलीकडचं काय आणि कसं लिहावं, सुचवा. तुमच्या आई-आजीबद्दल लिहिलंत तरी चालेल, मला त्यातून धागा सापडेल.

जुना_मास्तर

ताई, तुमच्या आईसारख्या वहिनींची पत्रं मी लिहिली आहेत. हायस्कूलला असताना गावातल्या फौजींच्या घरून बोलावणं यायचं, निळं इनलँड आणि बॉलपेन तयार असायचं. वहिनी सांगणार, मी लिहिणार, आणि शेजारी सासूबाई वाती वळत बसलेल्या. त्यामुळे मजकूर ठरलेला. इकडील सर्व क्षेमकुशल. मनीऑर्डर पोचली. म्हैस व्याली, पारडी झाली. मामंजींचा गुडघा दुखतो. पाऊस बेताचा आहे.

एकदा एका वहिनींनी सांगितलं, ‘लिही, तुमचा सदरा खुंटीलाच आहे.’ सासूबाईंनी लगेच विचारलं, सदऱ्याचं काय? वहिनी म्हणाल्या, ‘उंदीर लागंल म्हणून इचारतो, पेटीत ठेवू काय.’ मी नववीत होतो. उंदराचंही लिहून टाकलं.

त्यांचं उत्तर आलं तेव्हा वाचून दाखवायलाही मीच. त्यात होतं, ‘सदरा खुंटीलाच राहू दे.’ सासूबाई म्हणाल्या, मेला उंदरांना काय खायला घालतोय!

पश्चिम_भागातली

मास्तर, हे वाचून हसले आणि मग जरा वेळ काही सुचलं नाही. आमच्याकडेही पत्रं लिहायला असाच एक शाळकरी मुलगा यायचा, असं आजी सांगायची. पुढे दादा पहिलीत गेला तेव्हा आई त्याच्या पाटीवर त्याच्याबरोबर गिरवायला बसली. आजीला वाटे, पोराचा अभ्यास घेते. कन्नड आकडे मात्र तिला त्याआधीच येत होते, बसच्या पाट्यांवरून शिकली होती. त्याशिवाय रताळी घेऊन बेळगावच्या बाजाराला जाणार कशी?

रोखठोक_खानापूर

राग मानू नका, पण हे सगळे धागे शेवटी एकाच ठिकाणी जातात. आईने सोसलं, आई थोर. तिला दुसरा रस्ता होता का? अठराव्या वर्षी लग्न, नवरा सीमेवर, घरात सासू. याला निष्ठा म्हणायचं की नाइलाज? आपण निष्ठा म्हणतो, कारण ते आपल्या सोयीचं आहे. माझी आई गेल्यावर मीही भाषण ठोकलं होतं, त्यागमूर्ती वगैरे. बहिणीने नंतर बाजूला घेऊन विचारलं, ‘तिला काय आवडायचं, एक गोष्ट सांग.’ मला एकच आठवली, एसटीत खिडकीची जागा.

भातखाचर

रोखठोक, खिडकीची जागा ही काही लहान गोष्ट नाही. बाकी तुमचं चालू द्या.

ताई, एक विचारतो. तुमच्या पट्ट्यात भाताची धूळवाफ पेरणी असते. रोहिणीच्या आगेमागे कोरड्या जमिनीत कुरीने, म्हणजे बैलांच्या पाभरीने, पेरायचं, मग पाऊस. पेरणी चुकली तर वर्ष गेलं. घरात कर्ता पुरुष नाही, सासरे थकलेले, मग कुरी कोण धरायचं? आमच्याकडे बाईने कुरी धरायची रीत नव्हती, म्हणून विचारतोय.

पश्चिम_भागातली

भातखाचर, नेमकं विचारलंत. कुरी तिने धरली नाही. रीत मोडायच्या भानगडीत ती सहसा पडत नसे, रीतीला वळसा घालायची. ज्याच्याकडे बैलजोडी होती त्याच्याशी पैरा ठरवायची. त्याने आमची पेरणी करून द्यायची, आईने आणि पाणंदीपलीकडच्या काकीने त्याच्या शेतात कोळपणीनंतरची भांगलण करून द्यायची. तेही पेरणीचा दिवस आधी पदरात पाडून. भांगलण पंधरा दिवस पुढे-मागे होऊ शकते, पेरणी नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. लोक म्हणायचे, फौजीची बायको भोळी आहे, दुप्पट राबते. राबायची खरी. पण आमचं भात कधी मागास पेरलं गेलं नाही.

या काकीबद्दल पुढे लिहीन. तिचा नवरा बाबांच्याच रेजिमेंटचा. 1971 च्या डिसेंबरात तो परत आला नाही.

आता रोखठोकना उत्तर. नाइलाज होता, कबूल. पण नाइलाजात माणूस काय करतो हेही बघायला हवं ना? एक सांगते.

1974 ला कर्नाटकात कुळकायद्याची मोठी दुरुस्ती आली. 1 मार्च 1974 पासून कुळांच्या ताब्यातल्या जमिनी सरकारकडे वर्ग झाल्या आणि कुळाने फॉर्म नंबर सात भरून तालुक्याच्या न्यायमंडळापुढे आपली वहिवाट शाबीत केली की मालकी त्याची. आमचे आजोबा ज्या जमिनीत भात पिकवत होते तीतली निम्मीअधिक कुळाने होती. जमीनवाला घरी आला, चहा प्याला, म्हणाला, ‘तुझं-माझं काय आहे, फॉर्म कशाला भरतोस?’ आजोबा भिडस्त. मान डोलावून बसले. बाबा तेव्हा नागालँडला.

आईने सासऱ्यांना उलट उत्तर दिलं नाही. तिने आजीला विचारलं, खंडाच्या पावत्या कुठे आहेत? आजीने ट्रंकेच्या तळाला, लग्नातल्या शालूखाली ठेवल्या होत्या. फॉर्म कन्नडात. गावातल्या कन्नड शाळेच्या मास्तरांकडून तो भरून घेतला, वर त्यांना पायलीभर तांदूळ दिला, तो त्यांनी घेतला नाही, त्यांच्या बायकोने घेतला. मग आजोबांना म्हणाली, ‘मामंजी, बेळगावला दवाखान्यात जाऊया, गुडघा दाखवू.’ गुडघाही दाखवला, फॉर्मही दिला. सुनावण्यांना तीच त्यांना घेऊन जायची. तिथे विचारलं, जमीन कोण कसतं? आजोबा गप्प. आईने कुठल्या साली कुठल्या खाचरात काय पेरलं, किती पोती खंड घातला, हे कन्नडात सांगितलं. तोडकं असेल, पण आकडे सगळे बरोबर होते.

निकाल आमच्या बाजूने लागला. उताऱ्यावर आधी आजोबा, मग बाबा, आता दादा. आईचं नाव त्या उताऱ्यावर कधीच चढलं नाही. हे मला बाबांनी सांगितलं, तेही वर्षश्राद्धाच्या रात्री. आईने स्वतः एवढंच सांगितलेलं, की त्या वर्षी मामंजींच्या गुडघ्याला इंजेक्शन दिलं.

रोखठोक_खानापूर

मग प्रश्न काय राहिला? पत्रकात हे छापा.

निपाणीचा

आमची आई तंबाखूच्या वखारीत होती. तंबाखू चाळायची, कांड्या वेगळ्या काढायच्या. घरी आली की आधी पदर झटकायची आणि आम्ही सगळे शिंकायचो. 1981 ला शरद जोशींचं तंबाखूचं आंदोलन झालं, शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवून तिथेच मुक्काम ठोकला, तेव्हा आमच्या गल्लीतून भाकऱ्या जायच्या. आई वखारवाल्याची मजूर आणि भाकऱ्या शेतकऱ्यांना. कुणीतरी विचारलं तर म्हणाली, भूक लागलेल्याला आधी वखार विचारायची काय? एप्रिलमध्ये गोळीबार झाला, त्यानंतर कितीतरी दिवस तिने वडिलांना चौकात जाऊ दिलं नाही. वडील तंबाखू खायचे ते मात्र कधी सुटलं नाही.

पतिपरायण म्हणाल तर माझी आई बाबांना रोज शिव्या द्यायची आणि रोज त्यांच्याआधी जेवत नसे. दोन्ही अगदी मनापासून.

सीमावासी_56

इथे एवढी चर्चा चालली आहे आणि मूळ सीमाप्रश्नावर कुणीच बोलत नाही. महाजन आयोगाने 1967 ला जो अन्याय केला आणि 2004 पासून जो दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे त्यावर बोला. चंदगड तिकडे आणि बेळगाव इकडे, हे कुठलं गणित?

पश्चिम_भागातली

सीमावासी, तुमच्या प्रश्नाशी माझं भांडण नाही. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला बाबा अजूनही निषेधाच्या फेरीत जातात. जून 1986 ला कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आमच्या भागात गोळीबार झाला, तेव्हा आईने बाबांना कोंडून घालायचंच बाकी ठेवलं होतं. नुकते निवृत्त झालेले, अंगात रग. ती दारात भात निवडत बसली, परसाकडच्या दारातून ते गेले. ते हिंडलग्याहून परत येईपर्यंत तीच परात तिच्या मांडीवर होती, असं धाकटा काका सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी बाजारात रताळी विकताना ती गिऱ्हाइकांशी कन्नडातच बोलली, त्यातही तिला काही वावगं वाटलं नाही. तुमच्या प्रश्नावर वेगळा धागा काढा, मी येते तिकडे.

अथणीची_सून

मी तिकडची, पूर्वेकडची. जोंधळ्याची भाकरी, शेंगांची चटणी आणि कन्नड सासू. माझं माहेर मराठी. लग्नानंतर पहिलं वर्ष आम्ही दोघी हातवारे करून स्वयंपाक करायचो. सासूबाई मला रोज संध्याकाळी ‘ऊटा आतेनु?’ विचारायच्या. मी जेवलेली नसले तरी ‘हौदु’ म्हणायची, कारण तेवढंच येत होतं. त्यांना ते कळलं आणि त्या मला आधी वाढायला लागल्या. त्यांच्याबद्दल पेपरात काहीच आलं नव्हतं, आमच्याकडे ती पद्धतच नाही.

ताई, मला अहेव नवमीबद्दल विचारायचं आहे. आमच्या घरात ती पाळत नाहीत. काय करतात त्या दिवशी?

पंचांगवाले_काका

भाद्रपद वद्य नवमी, पितृपक्षातली. जी बाई नवऱ्याच्या आधी गेली तिच्यासाठी हा दिवस, म्हणून अविधवा नवमी. तिथी कुठलीही असो, तिचं नवमीलाच करतात. सवाष्णीला जेवायला बोलावतात, साडीचोळी किंवा खण देतात, ओटी भरतात. पुष्कळ घरांत नवरा हयात असेपर्यंतच ही नवमी करायची, पुढे दोघांचं एकत्र होतं. गावोगावी फरक असतो, भांडत बसू नये.

ताई, सवाष्ण कोण बोलावणार, तेवढं आधी सांगून ठेवा. त्या दिवशी एकेका सवाष्णीला चार-चार घरची आमंत्रणं असतात!

पश्चिम_भागातली

काका, तिथेच अडलंय. आत्या म्हणते, जाऊबाईंना बोलाव, रीतीप्रमाणे. बरोबर आहे. पण आईच्या आयुष्यात तिच्याबरोबर जेवलेली बाई एकच, ती पाणंदीपलीकडची काकी. पेरणीपासून मळणीपर्यंत दोघींचं दुपारचं जेवण बांधावर. काकी 1971 पासून एकटी. तिच्या पेन्शनचे कागद करायला आईच तिच्याबरोबर जायची. आईच्या शेवटच्या आजारपणात रात्री उशाशी काकी, आम्ही तिघं भावंडं पाळीपाळीने. आणि ‘अहेव गेली, भाग्यवान’ हे लोक काकीच्या देखत बोलायचे. ती पाण्याचे तांबे भरत असायची.

मला नवमीला काकीला जेवायला बसवायचं आहे. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बसव की, पण सवाष्ण म्हणून न्हवं.’ मग कुठे बसवायचं? पडवीत?

रोखठोक_खानापूर

तिलाच पाटावर बसवा. एवढं रामायण झाल्यावर यात विचारायचं काय?

पंचांगवाले_काका

रोखठोक, तुम्ही पुण्या-मुंबईच्या सभेत बोलल्यासारखं बोलू नका. बोलावणाऱ्याचं सोडा, त्या बाईला चारचौघींत त्या पाटावर बसवून संकोच होईल त्याचं काय? शास्त्र मी बाजूला ठेवतो. आधी तिला विचारा.

अथणीची_सून

काकांचं पटलं. आपणच ठरवायचं, आपणच बसवायचं आणि आपणच शाबासकी घ्यायची, असं नको.

जुना_मास्तर

वडील काय म्हणतात? या सगळ्यात त्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही.

पश्चिम_भागातली

मास्तर, बाबांचं वेगळंच चाललंय. आई गेल्यापासून स्वयंपाकघराचा ताबा त्यांनी घेतला आहे. वहिनीचे हाल बघवत नाहीत. सगळ्या डब्यांवर चिकटपट्टी लावून नावं लिहिली, आणि शनिवारी तपासणी. ‘तूरडाळ जागेवर नाही’ म्हणून भाचीला पंधरा मिनिटं उभं करून विचारलं. आईचे डबे असे नव्हतेच. हरभऱ्याच्या डब्यात गूळ, गुळाच्या डब्यात सुया, आणि तिला सगळं अंधारातही सापडायचं. गुरेळाची, म्हणजे कारळ्याची, चटणी ते आता स्वतः कुटतात. पहिल्या खेपेला गुरेळ जाळली, दुसऱ्या खेपेला लसूण सोलून घातला. आई न सोलता घालायची. ते मी सांगितलं तर म्हणाले, ‘मला माहीत असतं, मी सांगितलं नसतं तिला?’ याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

विचारते त्यांना. आणि काकीलाही.

भातखाचर

गुरेळ मंद आचेवर तडतडेपर्यंतच. धूर आला की कडू. वडिलांना सांगा.

निपाणीचा

आणि चिंचेचं बुटुक. ते विसरलात तर काहीच खरं नाही.

पश्चिम_भागातली

(नवमीनंतर लिहीत आहे. उशीर झाला, पण इथे एवढं बोलणं झालं म्हणून सविस्तर सांगते.)

काकीला विचारायला गेले. ती रताळ्याचे वेल उलटवत होती. ऐकून घेतलं, विळा खाली ठेवला नाही. म्हणाली, ‘मी न्हाई यायचो गे त्या दिवशी. ते तुझ्या बाबाच्या आयुष्याचं जेवण. त्येला आयुष्य मिळू दे, माझं काय म्हणणं न्हाई. पण तिचं-माझं तसलं काय न्हवतं. आमी बांधावर जेवलो. दशमीला येतो, भाकरी मी आणतो.’

मग थोड्या वेळाने स्वतःच बोलली. आई संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी कधीच करत नसे. मी लहानपणी विचारलं की म्हणायची, तीळगूळ काय घरोघरी मिळतो, आपल्याकडे कशाला आणखी. काकी म्हणाली, ‘ते कुणासाठी करत न्हवती, मला ठाऊक हाय. तिनं कधी सांगितलं न्हाई आणि मी कधी म्हटलं न्हाई. आता तूही कुणाला सांगू नको.’ गावात कुणाला सांगितलेलं नाही. इथे नावगाव नाही म्हणून लिहिते.

तर नवमीला रीतीप्रमाणे चुलतीला बोलावलं. साडीचोळी, ओटी, सगळं झालं, आत्या खूश. भटजींनी बाबांना विचारलं, आणखी काही इच्छा? बाबा म्हणाले, ‘उद्या परत पाट मांडायचा आहे, तुम्ही येऊ नका.’ भटजी समजूतदार, हसले आणि गेले.

दशमीला काकी आली. नाचणीच्या भाकऱ्या, कांदा, वाटीभर दही आणि आईच्या पद्धतीची गुरेळाची चटणी. बाबांनी चटणी चाखली आणि स्वतःची बरणी आत नेऊन ठेवली. आम्ही सगळे शेतात जाऊन जेवलो. तिथे काकी आणि बाबा यांचं कडाक्याचं भांडण झालं, आईने 1974 ला कुठल्या खाचरात काय पेरलं होतं यावरून. बाबा नागालँडला होते, त्यामुळे त्यांचं काही चाललं नाही.

पत्रकाचं : दादाने शेवटी लिहिलं ते असं. ‘कुळकायद्यात घरची जमीन राखली. सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं. मुलांना शिकवलं, स्वतः शिकली. पती देशाच्या सीमेवर असताना घर चालवलं.’ छापखानावाल्याने फोन करून विचारलं, ‘पतिपरायण राहून गेलं काय?’ दादा म्हणाला, नाही, मुद्दाम. तो म्हणाला, ‘जागा शिल्लक आहे, पैसे तेवढेच.’ दादाने त्या जागेत काकीचा उल्लेख घातला, ‘जिवाभावाची मैत्रीण’ म्हणून. बायकांच्या पत्रकात मैत्रीण छापलेली मी तरी पहिल्यांदा बघितली.

रोखठोक_खानापूर

काकींनी आम्हा सगळ्यांना गप्प केलं. पंचांगवाले काका, तुमचं बरोबर होतं.

पंचांगवाले_काका

लिहून ठेवतो, तारखेसकट.

अथणीची_सून

सासूबाईंचं मीही काहीतरी छापणार आहे. कन्नड आणि मराठी दोन्हीत. कन्नड मजकूर तपासून द्यायला कुणी आहे का इथे?

जुना_मास्तर

आहे. माझी सून धारवाडची. पाठवा.

पेन्शनवाला_सुभेदार

ताई, धागा आजच वाचला. मीही मराठा लाइट इन्फंट्रीचाच, निवृत्त. वाचून आनंद झाला, पण एक कामाचं विचारतो, कारण ते कुणीच विचारलं नाही. वडिलांच्या पेन्शनच्या कागदांत पत्नी म्हणून आईचं नाव असणार. त्या गेल्याची नोंद केली का? वर्ष उलटून गेलं आहे. आता सगळं लष्करी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर आहे. मृत्यूचा दाखला जोडून कुटुंबाचा तपशील बदलून घ्यावा लागतो. बँकेतलं खातं दोघांच्या नावे असेल तर तिथेही दाखला द्या. आणि नोव्हेंबर तोंडावर आहे, हयातीचा दाखला विसरू नका. डिजिटल जीवन प्रमाण चालतं.

पश्चिम_भागातली

सुभेदार काका, खरंच कुणी केलं नाही. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत झाली, दाखला घरात आहे, पण पुढचं राहिलं. बाबांना विचारलं, स्पर्शचा पासवर्ड काय? म्हणाले, ‘ते तुझी आई बघायची.’

पेन्शनवाला_सुभेदार

त्या बघायच्या?

पश्चिम_भागातली

भाच्याने खातं उघडून दिलं होतं, पुढचं तिने. तिची एक वही होती, आमच्या शाळेच्या वह्यांची उरलेली पानं शिवून केलेली. सोसायटीचे हप्ते, म्हशीचं दूध, कुणाचा पैरा फेडायचा राहिलाय, कुणाकडून यायचाय, सगळं त्यात. कालपासून घर पालथं घातलं. बाबांच्या चिकटपट्ट्यांमुळे आणखी घोळ झाला, कारण त्यांनी डबे बदलताना आतलं सगळं हलवलं. शेवटी वहिनीला सापडली, सुयांबरोबर. शेवटच्या पानावर ‘इस्पर्श’ लिहून पुढे पासवर्ड.

लॉगिन करायला गेले तर ओटीपी बाबांच्या जुन्या नंबरवर जातोय आणि तो नंबर बंद आहे. आता पुढे काय?

पेन्शनवाला_सुभेदार

काळजी नको. वडिलांना घेऊन जवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरला जा, स्पर्शचं काम बऱ्याच ठिकाणी तिथे होतं. सोबत पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक, आधार, बँकेचं पासबुक आणि आईचा मृत्यूचा दाखला. दोन-दोन झेरॉक्स. आधी नंबर बदला, मग कुटुंबाचा तपशील. डिस्चार्ज बुकात आईचं नाव माहेरचं आहे की सासरचं, ते जाण्याआधी बघा. आमच्या वेळी कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं, आणि दाखल्यावरच्या नावाशी जुळलं नाही की शपथपत्र मागतात.

पश्चिम_भागातली

बघितलं. डिस्चार्ज बुकात तिचं माहेरचं नाव आहे, दाखल्यावर सासरचं. शपथपत्र करायला सोमवारी बेळगावला जातोय. साक्षीदार म्हणून काकी येते म्हणाली, दोन्ही नावांनी हाक मारणारी आता तीच एक आहे.